मुक्काम रामटेक

"नागपूरचेच आहात न? मंग राह्यता कायले?"

लॉजच्या रजिस्टरमध्ये पत्ता लिहीत होते, तो मध्येच हात थांबला. काउंटरमागचे काका साठीच्या पुढचे, अंगात स्वेटर, कपाळावर अष्टगंध. विचारण्यात खोच अजिबात नव्हती, काळजी होती. ते समजावूनही सांगू लागले, "गडावर जाऊन या, अंबाळा पाहा, चारला निघाले तरी दिवाबत्तीच्या सुमाराला घरी. उगाच दोन खोल्यांचं भाडं कायले भरता?" मी म्हटलं, "राहावंसं वाटलं, काका." त्यांनी आईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि किल्ल्या पुढे केल्या. गरम पाणी सकाळी सहापासून, आणि वांदरं येतात म्हणून खिडकी उघडी टाकू नका, एवढं सांगून ते पुन्हा पेपरात शिरले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. पिशव्या ठेवल्या, तोंडावर पाणी मारलं, खिडकीच्या गजांतून गड दिसतो का ते पाहिलं, तरी तो मनात होताच. पचमढीला, चिखलदऱ्याला लोक महिनाभर आधी खोल्या ठरवतात. पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात रात्र काढायला कारण का लागावं?

नागपुरातल्या बहुतेक घरांत रामटेक असतंच. नवी सून आली की जोडीनं गडावर जायचं. शाळेची पहिली सहल तिथेच. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की एक दिवस दीक्षाभूमी आणि फुटाळा, दुसऱ्या दिवशी रामटेक. माझ्या लहानपणी आम्ही इतवारीहून पॅसेंजरनं जायचो. कामठी गेली, कन्हानचा पूल आला की आई पदराच्या गाठीतलं नाणं काढून आमच्या हातावर ठेवायची, नदीत टाकायला. सोबत तिखट पुऱ्या, लिंबाचं लोणचं, बटाट्याची सुकी भाजी. गडावर एकानं काठी घेऊन वांदरांवर पहारा द्यायचा, बाकीच्यांनी भराभर जेवायचं. उन्हं कलली की बाबा घड्याळ बघायला लागायचे. गाडी चुकेल, उतरा आता, चपला कुठे आहेत, बाटली घेतली का. त्या घाईत आम्ही अक्षरशः धावत पायऱ्या उतरायचो. त्यामुळे रामटेक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कायम भर उन्हातलं गाव येतं. त्याची संध्याकाळ मी पाहिलेलीच नव्हती.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत लेकीला कुठेतरी न्यायचं होतं. पचमढीचं बोलणं सुरू होतं, पण आईचे गुडघे त्या घाटात आणि त्या चढउतारांत टिकणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. भाऊबीज आटोपल्यावर फराळाचे डबे पुसता पुसता आईच म्हणाली, "रामटेकला जाऊ. राहायला." नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "राहायला?" आई म्हणाली, "हो, राहायला." बाबा गेल्यापासून आई स्वतःहून काही मागत नाही. त्यामुळे पुढची चर्चा झालीच नाही.

कामठी, कन्हान, टेकाडी, आमडी फाटा, मनसर. मनसरला रस्ता फुटतो. बहुतेक गाड्या सरळ जातात, पेंचला नाहीतर सिवनी-जबलपूरकडे. आम्ही उजवीकडे वळलो आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेतं सुरू झाली. नागपूरच्या पश्चिमेला, काटोलच्या बाजूला गेलं की संत्र्याच्या बागा आणि कापूस. इकडे आलं की माती आणि वास दोन्ही बदलतात. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात या रस्त्यावर काच खाली करावी. ओल्या तणसाचा, किंचित आंबूस, पोटात भूक जागी करणारा वास येतो. लेकीला तो आवडला नाही. आई मात्र खिडकीकडे तोंड करून बसून राहिली. तिचं आजोळ भंडाऱ्याकडचं.

गडावर आता वरपर्यंत गाडी जाते, म्हणून आई येऊ शकली. पुढच्या थोड्या पायऱ्या तिनं माझ्या दंडाला धरून, प्रत्येक दरवाजाशी टेकत चढल्या. वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ अशी दरवाजांची नावं तिला पाठ होती. लहानपणी तिच्या वडिलांनी पाठ करून घेतली होती म्हणे, चढताना दम लागला हे विसरायला. आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं, हा इथला क्रम. गाभाऱ्यातला गारवा, तेलाचा आणि तुळशीचा वास, दगडी उंबरा हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला. भोसल्यांनी या देवळांना पुन्हा वैभव दिलं आणि नागपूरकरांचा या टेकडीशी असलेला संबंध घरचा झाला. रघुजीराजांचं नाव घेताना आई अजूनही हात जोडते. नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या तिच्या पिढीच्या बायकांची ती सवय आहे, आणि मला ती फार आवडते.

तटावर उभं राहिलं की एका बाजूला अंबाळा तलावाचं पाणी आणि भोवतीची देवळं, लांबवर खिंडसी तलावाची चमक, मध्ये कौलं, स्लॅब, टाक्या, झाडं. मेघदूतातला रामगिरी हाच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. छत्तीसगडातल्या सरगुज्याच्या रामगडाचाही दावा आहे, पण नागपूरच्या माणसापुढे तो कोणी काढू नये. कालिदास स्मारकात लेकीनं यक्षाची चित्रं पाहिली आणि विचारलं, "एवढा मोठा निरोप त्या ढगाच्या लक्षात कसा राहिला?" नवऱ्यानं उत्तर द्यायचा मनापासून प्रयत्न केला. मी मात्र त्या तटावरून ढग कुठून येत असतील ते शोधत होते. कार्तिकातलं आभाळ स्वच्छ होतं, एक ढग नव्हता.

मी थांबले ती नरसिंहापाशी.

गडाच्या अंगावर नरसिंहाची दोन देवळं आहेत, रुद्र आणि केवल. दोन्ही वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. एवढी वर्षं रामटेकला येऊन मी ती नीट पाहिलेली नव्हती, कारण आमच्या रामटेकमध्ये राम, जेवण आणि गाडी एवढंच बसायचं. नरसिंह म्हटला की खांब, उंबरठा, मांडीवरचा हिरण्यकश्यपू, बाहेर आलेली आतडी असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे त्यातलं काही नाही. प्रचंड मोठा, एकटा, एक गुडघा उभा करून ऐसपैस टेकलेला, दिवसभराचं काम उरकून ओट्यावर बसलेल्या घरच्या कर्त्या माणसासारखा. लेक म्हणाली, "हा तर रागावलेलाच नाहीये." आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनं मला त्या राणीची गोष्ट विचारली, जी मी गाडीत अर्धवट सांगून सोडली होती.

राणी म्हणजे प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान. तिनं राज्य हातात घेतलं, आणि ते दोन-चार महिन्यांपुरतं नव्हतं. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटावर तेरावं वर्ष कोरलेलं आहे आणि तेव्हाही मुलगा युवराजच आहे. रिद्धपूरला सापडलेला ताम्रपट तिच्या म्हातारपणातला. तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिला आहे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे दान द्यायला ती इथे, या टेकडीवर आली होती. राजधानी नंदिवर्धन, आजचं नगरधन, इथून दहा किलोमीटरच्या आत. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. हे सगळं मी आईला त्या देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. नवरा गेलेली, राज्य सांभाळणारी, लेकरं वाढवणारी बाई, एवढ्या ठिकाणी ती मान हलवत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं.

"मग ती रात्री इथेच राहायची, की दिवस मावळायच्या आत नगरधनला परत?"

याचं उत्तर कुठल्या ताम्रपटात असणार! पण आईच्या त्या प्रश्नानं लॉजच्या काकांचा प्रश्न माझ्यापुरता एकदम मोठा झाला. जवळच्या गावाला आपण नेहमी कामासाठी जातो. दर्शन, नवस, लग्न, मयत, कोर्टाची तारीख, जमिनीचा सातबारा. काम झालं की परत. लांबच्या गावाला आपण भेटायला जातो, त्याचा सूर्योदय बघतो, त्याच्या गल्ल्यांतून उगाच फिरतो, तिथला चहा वेगळा लागतो म्हणून कौतुक करतो. जवळच्या गावाचाही सूर्योदय असतो. तिथेही माणसं संध्याकाळी ओट्यावर बसतात. फक्त तेव्हा आपण कामठीच्या पुढे पोचलेलो असतो. माझ्या मते आपण नागपूरकरांनी आपल्या भोवतीच्या गावांना फार कमी वेळ दिला आहे आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुपारी खिंडसीवर बोटीत बसलो. लेक खूश होती, पाणी छान होतं. त्याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो आणि तिथे तो बदल अगदी डोळ्यांसमोर घडला. साडेपाच-सहापर्यंत गाव बाहेरच्यांचं होतं. फुलं-नारळवाले, गाड्यांचे हॉर्न, "चला, चला, उशीर होऊन राहिला" अशा हाका. मग नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या एकेक करून निघाल्या आणि रस्ता मोकळा झाला. दुकानदार दुकानांतून बाहेर येऊन एकमेकांशी बोलू लागले. एका किराणा दुकानापुढे पोत्यावर बसून दोन म्हातारे धानाच्या भावावर हमरीतुमरीवर आले आणि लगेच एकाच पुडीतून सुपारी खाऊ लागले. अजून दिवाळीचे आकाशकंदील उतरले नव्हते. घरांपुढे पणत्या होत्या, आणि त्या कोणा पाहुण्याला दाखवायला लावलेल्या नव्हत्या. टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेल्या मावशीनं आईला जवळ बसवून घेतलं. काळं टरफल दातानं कसं फोडायचं ते लेकीला दाखवलं. तळ्यात उतरून शिंगाडा काढताना काटे पायात कसे रुततात, पाणी या दिवसांत किती गार असतं, हे ती सांगत होती आणि तिचे हात बोलता बोलता शिंगाडे सोलून लेकीपुढे ठेवत होते. सोललेल्याचे पैसे तिनं घेतले नाहीत.

चहाच्या टपरीवर संस्कृत विद्यापीठाची मुलं होती. कालिदासाच्या नावाचं हे विद्यापीठ 1997 सालचं, आणि राज्याच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली मुलं त्यासाठी या गावात येऊन राहतात. बहुतेक नागपूरकर करत नाहीत ते ही मुलं करतात. त्यांच्यातला एक जण परभणीकडचा, पहिल्यांदा घर सोडून आलेला. आईनं विचारलं, करमतं का? तो म्हणाला, "सुरुवातीला नाही करमलं आजी. आता सुट्टीत घरी गेलो की इथली आठवण येते." टपरीवाल्या काकांना नरसिंह राव आठवत होते. 1984 आणि 1989 साली ते इथूनच खासदार झाले. पुढे पंतप्रधान झाले तेव्हा आपलाच माणूस दिल्लीत बसला असं गावाला वाटलं, असं काका अजून भरल्या आवाजात सांगतात. मग पान खाल्लं. रामटेक पानमळ्यांचं जुनं गाव आहे, इथल्या बरई समाजानं पिढ्यान्‌पिढ्या हे नाजूक पीक सावलीत जपलं. पान जिभेवर विरघळत गेलं. आईनं खूप दिवसांनी पान खाल्लं होतं. बाबा रात्री जेवणानंतर दोन पानं आणायचे, एक तिच्यासाठी. ते तिनं बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

रात्री थंडी चांगलीच उतरली. लॉजच्या गच्चीवर गेलो तर कुठून तरी ढोलकीचा आवाज येत होता. लॉजचे काका म्हणाले, जवळच्या गावात मंडई आहे, खडीगंमत लागली असेल. भाऊबीजेनंतर आमच्या या पट्ट्यात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि तिथे खडीगंमतीचं लोकनाट्य रंगतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंधारात धानाच्या शेतांवरून वाहत येणारी ती ढोलकी, मधूनच शाहिराचा चढलेला सूर, लोकांचा हशा ऐकणं वेगळं. लेक झोपली. आई शाल गुंडाळून गडाकडे तोंड करून बसली होती. वर देवळाजवळ दिवे होते. मी विचारलं, झोपत का नाहीस? म्हणाली, "रामटेकला झोपायला आले का मी?"

पहाटे टाळांनी जाग आली. कार्तिकाचा काकडा. गल्लीच्या तोंडाशी बायका-पुरुष, पुढे मृदंग, हातात निरांजनं, तोंडातून निघणारी वाफ. आई माझ्या आधी तयार होती. गडावर नाही, अंबाळ्यावर जाऊ म्हणाली. नवरा आणि लेक झोपलेले होते. आम्ही दोघीच निघालो.

आता हे सांगायला हवं. बाबांच्या अस्थी भावानं आणि मी अंबाळ्यात सोडल्या. मे महिना होता, दगड पायांना भाजत होते, घरात माणसं भरलेली, तेराव्याची तयारी बाकी. मी त्या दिवशी सारखी घड्याळ बघत होते, अगदी बाबांसारखी. आई आली नव्हती. बायांनी यायचं नाही असं माझ्या काकांनी म्हटलं. मी हट्टानं गेले, पण आईनं काही म्हटलं नाही आणि ती घरी राहिली. तिनं नंतर मला कधीच विचारलं नाही. त्या पहाटे घाटावर उभं राहून विचारलं. "कुठे?" मी जागा दाखवली. "बसले कुठे होते तुम्ही?" तेही दाखवलं. "पाणी होतं का तेव्हा?" होतं आई, उन्हाळा असूनही होतं. ती त्या पायरीवर जाऊन बसली. हात बुडवला, गार लागला म्हणून पटकन काढला, पुन्हा बुडवला. रडली नाही. मला रडू आलं, तिनं तिकडे पाहिलं नाही, आणि ते बरं झालं.

उजाडता उजाडता एक गाडी येऊन थांबली. नागपूरचा नंबर. तीन पुरुष उतरले, एकाच्या हातात लाल कापडात बांधलेलं गाडगं. गुरुजी त्यांची वाट पाहत होते. गाडीच्या दारापाशी एक बाई उभी राहिली, पंचावन्न-साठीची, पदर घट्ट ओढून. खाली उतरेना. पुरुष पायऱ्या उतरून गेले, कोणी मागे वळून पाहिलं नाही. आई उठली. गुडघ्यावर हात देत, एकेक पायरी चढत त्या बाईपाशी गेली. मी थोडी लांब होते तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "जा बाई, खाली जा. पाहून घे. कोणी काही म्हणत नाही." ती बाई काहीतरी पुटपुटली. आई म्हणाली, "मी नव्हते आले. मन लागत नाही मग." आणि तिचा हात धरून आई तिला खाली घेऊन गेली, पाण्यापर्यंत. त्या माणसांनी बाजूला होऊन जागा केली. गुरुजी थांबले आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मंत्र म्हटले. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

दुपारी जेवून निघालो. मनसरच्या अलीकडे आई मागच्या सीटवरून गावांची नावं घेऊ लागली. आदासा, धापेवाडा, कुही, मांढळ, उमरेड. या सगळ्या ठिकाणी ती गेली होती आणि सगळीकडून संध्याकाळी परतली होती. लेक प्रत्येक नावाला "तिथे काय आहे?" विचारत होती आणि आईकडे प्रत्येक गावाचं काहीतरी निघत होतं, कुठे विठोबा, कुठे चांगली वांगी, कुठे कोणाचं लग्न मोडलं होतं ते.

"पवनीला जाऊ," शेवटी ती म्हणाली. "वैनगंगेच्या काठी माझ्या आत्याचं घर होतं. तिच्याकडे मी जेवायलाच गेले नेहमी."

"संक्रांतीनंतर?" नवऱ्यानं आरशातून विचारलं.

"चालेल. पण दोन रात्री."